चुलीपाशी भेटलेला माणूस

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराजवळ एक लहानशी दरी आहे. सतराव्या शतकात योआखिम निअँडर नावाचा एक तरुण धर्मोपदेशक त्या दरीत फिरायला जात असे. तो प्रार्थनागीते लिहायचा. अवघी तीस वर्षे जगून १६८० मध्ये तो वारला. पुढे लोकांनी त्या दरीला त्याचेच नाव दिले. निअँडर हे आडनावही गमतीचे आहे. घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान. त्या काळी विद्वान मंडळी आपली नावे ग्रीक किंवा लॅटिन करून घेत. त्या रीतीप्रमाणे त्याच्या आजोबांनी नॉयमानचे निअँडर केले. दोन्हींचा अर्थ एकच : नवा माणूस.

१८५६ मध्ये या दरीत चुनखडीचा दगड काढणाऱ्या कामगारांना एका गुहेतल्या चिखलात काही जाडजूड हाडे आणि कवटीचा वरचा भाग मिळाला. ती अस्वलाची असावीत असे आधी वाटले. योहान कार्ल फुलरोट नावाच्या शिक्षकाने ती पाहिली आणि ओळखले, की ही हाडे माणसाची आहेत, पण आपल्यासारख्या माणसाची नाहीत. अशा रीतीने पृथ्वीवरच्या एका फार जुन्या मानवजातीला 'नवा माणूस' हे नाव मिळाले, तेही एका कवीकडून. मी कविता लिहिणारा माणूस. असे योगायोग दिसले की मी थांबतो. पण आज मला त्या कवीबद्दल बोलायचे नाही. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांच्या चुलींबद्दल बोलायचे आहे.

निअँडरथल माणसे काही लाख वर्षे युरोपात आणि पश्चिम आशियात राहिली. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. त्यांनी लिहून काहीच ठेवले नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल जे बोलायचे ते दुसऱ्यांनीच बोलायचे, आणि दुसरे बोलू लागले की काय होते ते पाहण्यासारखे आहे.

पहिल्याच हाडांबद्दल बॉनच्या एका शरीरशास्त्रज्ञाने मत दिले, की हा १८१४ साली नेपोलियनच्या फौजेचा पाठलाग करत आलेला रशियाचा कोसॅक घोडेस्वार असावा. घोड्यावर बसून बसून त्याचे पाय वाकले. रुडॉल्फ फिरखोव हे त्या काळचे मोठे नाव. त्यांना ही हाडे मुडदूस झालेल्या माणसाची वाटली. पुढे १९०८ मध्ये फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. पॅरिसच्या मार्सेलँ बूल यांनी १९११ ते १९१३ या काळात त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात उभा राहिला तो गुडघ्यात वाकलेला, मान पुढे काढून चालणारा, बुद्धीने मंद असा प्राणी. चित्रकारांनी त्याच्या हातात सोटा दिला. हेच चित्र पाठ्यपुस्तकांत गेले आणि निअँडरथल हा शब्द अनेक भाषांत शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

१९५७ मध्ये विल्यम स्ट्रॉस आणि केव्ह या दोघा शास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्याची नव्याने पाहणी प्रसिद्ध केली. तो माणूस उतारवयाचा होता आणि संधिवाताने त्याच्या मणक्यांची पार वाट लागली होती. म्हणजे एका आजारी म्हाताऱ्याच्या चालीवरून अख्ख्या मानवजातीची चाल ठरवली गेली होती, आणि ते मत चार दशकांहून अधिक काळ टिकले होते.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. उत्तर इराकच्या कुर्दी डोंगराळ भागात शानिदार नावाची मोठी गुहा आहे. तेथे राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० या काळात उत्खनन केले. त्यात निअँडरथलांचे अनेक सांगाडे मिळाले. त्यांतल्या एकाचा उजवा हात निकामी झालेला होता, डोळ्यापाशी जबर मार बसलेला होता, आणि तरीही तो नंतर बरीच वर्षे जगला होता. दुसऱ्या एका सांगाड्याजवळच्या मातीत फुलांचे पराग सापडले. सोलेकींनी त्यावरून लिहिले, की मृताला फुलांवर निजवले असावे. १९७१ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'पहिले पुष्पजन' असे शब्द आले. काल ज्याला पशू म्हटले, तो आज फुले वाहणारा झाला. कोणाही कवीला हे आवडणारच. पण पुढे शंका निघाल्या. जमिनीत बिळे करणारे उंदरांसारखे प्राणी फुले ओढून नेतात. मातीत घर करणाऱ्या मधमाश्याही पराग साठवतात. आता ती फुले पुरावा म्हणून भक्कम मानली जात नाहीत.

आधी शिवी, मग हार. दोन्ही वेळा बोलणाऱ्याने स्वतःच्या मनातले त्या मुक्या माणसावर लादले. ज्यांच्याबद्दल नेहमी दुसरेच बोलतात अशा माणसांच्या वाट्याला बहुधा हेच येते. मग त्यांना न्याय द्यायचा कसा? गेल्या चाळीसएक वर्षांत पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी याचे एक उत्तर शोधले आहे. त्यांनी कवटीवरची नजर जरा खाली आणली आणि चुलीपाशी बसून राहायचे ठरवले.

चूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तीन दगड येतात. निअँडरथलांच्या चुली त्याहून साध्या होत्या. बहुतेक वेळा सपाट जमिनीवर, नाहीतर उथळ खळग्यात पेटवलेला जाळ. आपल्याकडचा आगटी हा शब्द त्यांना जास्त शोभेल. हजारो वर्षांनी त्यातून काय उरते? खाली तापून लालसर झालेली माती, तिच्यावर कोळशाचा काळा पट्टा, आणि सर्वांत वर पांढुरकी राख. हा क्रम शाबूत असेल तर ती आगटी कोणी हलवलेली नाही. क्रम विस्कटलेला असेल तर कोणीतरी राख उपसली, किंवा तिच्यावरून वावर झाला.

हे वाचायला डोळा पुरत नाही. अभ्यासक मातीचा ठोकळा जसाच्या तसा उचलतात, त्यात राळ मुरवून तो दगडासारखा कडक करतात आणि मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कोळशाच्या तुकड्यावरून लाकूड कोणते ते कळते. हाड जितके तापेल तसा त्याचा रंग तपकिरी, काळा, करडा आणि शेवटी पांढरा होत जातो, त्यावरून जाळाची धग कळते. चकमकीच्या दगडाच्या ढलप्या पुन्हा एकमेकींना जुळवून पाहिल्या, की दगड फोडणारा कुठे बसला होता तेही सांगता येते.

बसण्याच्या जागेवरून आठवले. अमेरिकेचे पुरातत्त्वज्ञ ल्युइस बिनफर्ड १९७० च्या सुमारास अलास्कातल्या नुनामिउत शिकाऱ्यांबरोबर राहिले. शेकोटीभोवती बसून माणसे काय करतात याची त्यांनी नोंद केली. हाड फोडताना उडालेले बारीक कपचे बसल्या जागी, पायांपाशी पडतात. मोठी हाडे माणूस मागे किंवा समोर, जरा दूर भिरकावतो. वारा फिरला आणि धूर डोळ्यांत जाऊ लागला, की सगळे उठून पलीकडे बसतात. म्हणजे शेकोटीभोवतीचा केर हा बसलेल्या माणसांचा नकाशाच असतो. माणसे उठून जातात, नकाशा राहतो. हीच नजर मग निअँडरथलांच्या आगट्यांकडे वळली.

स्पेनमध्ये बार्सिलोनापासून जवळ आब्रिक रोमानी नावाचा कड्याखालचा निवारा आहे. तेथे १९८३ पासून पद्धतशीर उत्खनन चालले आहे. झिरपणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर चढवत गेल्यामुळे तिथल्या जमिनी एकेक करून झाकल्या गेल्या आणि आगट्या जशाच्या तशा राहिल्या. सुमारे पंचावन्न हजार वर्षांपूर्वीच्या एका थरात कड्याच्या भिंतीलगत लहान लहान आगट्या ओळीने सापडल्या. भिंत आणि आगटी यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊ शकेल एवढी जागा, आणि तिथे केरही कमी. अभ्यासकांनी याचा अर्थ लावला : ही झोपायची जागा. पाठीशी भिंत, पोटाशी ऊब. उत्तर स्पेनमधील एस्किल्येउ गुहेत तर आगटीजवळच्या मातीत गवताच्या पेशींचे सूक्ष्म अवशेष इतके दाट मिळाले, की ते गवताचे अंथरूणच असावे. इस्रायलमधील कार्मेल डोंगरातल्या केबारा गुहेत आगट्या मध्यभागी आहेत आणि हाडांचा ढीग उत्तरेकडच्या भिंतीशी. राहायची जागा वेगळी आणि उकिरडा वेगळा.

त्यांच्या जेवणाबद्दलही जुनी समजूत होती : मांस, मांस आणि मांस. दक्षिण-पूर्व स्पेनमधील आल्कॉय गावाजवळ एल साल्त हे ठिकाण आहे. २०१४ मध्ये ऐनारा सिस्तियागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या आगटीच्या मातीत मानवी विष्ठेचे रासायनिक अंश शोधून काढले. ऐकायला बरे वाटणार नाही, पण यात लपवाछपवी नसते. त्यातून दिसले, की त्या माणसांचे खाणे मुख्यतः मांसाचे होते, पण झाडपाल्याचा वाटाही त्यात होता. जिब्राल्टरच्या व्हॅनगार्ड गुहेत आगटीभोवती शिंपल्यांच्या कवचांची रास मिळाली. खाडीतून आणलेले शिंपले त्यांनी जाळाच्या धगीला ठेवले. तिसऱ्या शिजताना तोंड कशा उघडतात ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. तोच उपाय.

मला सर्वांत जास्त गुंतवले ते शानिदारच्या जेवणाने. फुलांची गोष्ट जिथे निघाली, तीच गुहा. २०२२ मध्ये सेरेन काबुकचू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मिळालेल्या जळक्या अन्नाच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांतल्या काही सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे निअँडरथलांच्या काळातल्या आहेत. त्यांत रानटी कडधान्ये भिजवून, भरडून शिजवल्याच्या खुणा दिसल्या. रानटी कडधान्याची साले तुरट-कडवट असतात. भिजवले, भरडले, की कडवटपणा कमी होतो. पण या लोकांनी सगळी साले काढली नव्हती, म्हणजे थोडी कडवट चव अन्नात राहत होती. आपल्याकडे वालाचे बिरडे करणाऱ्या घरात दाणे भिजवणे, सोलणे यांत किती वेळ जातो ते ठाऊक असते. भूक लागली, मारले आणि खाल्ले, असे हे खाणे नव्हते. कोणीतरी आधी उद्याच्या जेवणाचा विचार केला, दाणे पाण्यात टाकले आणि वाट पाहिली. परागांच्या पुराव्यावर फुलांची शय्या तोलली गेली नाही. पण भिजत घातलेले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली टिकले. माणूसपण सिद्ध करायला फुलेच लागतात असे नाही.

आता दोन गुहांची तुलना पाहा. केबाराचा उल्लेख वर आलाच. तिथून सुमारे सत्तर किलोमीटरवर, गालिली सरोवराजवळ, अमुद नावाची दुसरी गुहा आहे. दोन्हींत पन्नास ते साठ हजार वर्षांपूर्वी निअँडरथल राहत. दगडाची हत्यारे सारखी, शिकारही तीच : हरणे आणि आपल्या चिंकाऱ्याच्या जातीची गॅझेल. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हीकडच्या हाडांवरचे सुरीचे घाव मोजून, मापून पाहिले. अमुदमधील घाव दाट आणि कमी सरळ, केबारातले वेगळे. अमुदमध्ये हाडे जास्त जळलेली आणि फुटलेलीही होती. कौशल्य कमी-अधिक म्हणावे तर तसेही दिसत नाही. कदाचित एकीकडे मांस थोडे मुरू देऊन मग कापत असतील. कदाचित मांस कापायची रीतच पिढ्यान्‌पिढ्या वेगळी शिकवली जात असेल. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. सत्तर किलोमीटरवर हाताची रीत बदललेली दिसते. सगळे निअँडरथल एकासारखे एक, असे म्हणणाऱ्यांना या दोन गुहांनी उत्तर दिले आहे.

पण आगटी केवळ त्यांची बाजू घेते असे समजू नका. ती अडचणीत आणणारे प्रश्नही विचारते. फ्रान्समधील रॉक द मार्साल आणि पेश द लाझे या ठिकाणांच्या थरांत एक विचित्र गोष्ट दिसली. हवामान उबदार असतानाच्या थरांत आगट्या भरपूर, आणि कडाक्याच्या थंडीच्या थरांत जवळजवळ नाहीत. उलट असायला हवे ना? त्यावरून डेनिस सँडगेथ आणि हॅरल्ड डिबल यांनी प्रश्न मांडला, की या माणसांना विस्तव पेटवता येत होता, की वीज पडून लागलेल्या वणव्यातून आणलेला विस्तव ते फक्त सांभाळत होते?

हा प्रश्न वाचताना मला आमच्या दादीची आठवण झाली. गावाकडच्या घरात रात्री जेवणे झाली, की ती चुलीतले दोन-तीन निखारे राखेत नीट पुरून ठेवायची. रमजानमध्ये पहाटे सहेरीला उठून राख बाजूला सारली, की आत लाल डोळा जागाच असायचा. गोवरीचा तुकडा लावला, दोनदा फुंकणी मारली, की जाळ. कधी विझलाच तर शेजारच्या घरून निखारा यायचा, आणि शेजारचा विझला तर आमच्याकडून जायचा. काडेपेटी फळीवर होती, पण ती काटकसरीने वापरायची वस्तू होती. तेव्हा विस्तव राखणे हे काही पेटवण्यापेक्षा हलके काम नाही. त्याला कोणीतरी रात्रभर जबाबदार असावे लागते. समजा निअँडरथल फक्त विस्तव राखत असतील, तरी त्यांच्यात पाळ्या, भरवसा आणि देवाणघेवाण होती असेच म्हणावे लागेल.

पुढे पुरावे दुसऱ्या बाजूनेही आले. २०१८ मध्ये अँड्र्यू सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधील सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीची चकमकीच्या दगडाची हत्यारे तपासली. त्यांच्या सपाट अंगावर विशिष्ट दिशेने पुन्हा पुन्हा ठोकल्याचे, घासल्याचे ओरखडे होते. पायराइट या लोहयुक्त खनिजावर चकमक ठोकून ठिणगी पाडली तर असेच ओरखडे पडतात. आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील बार्नहॅम येथून बातमी आली : चार लाख वर्षांपूर्वीच्या थरात तापलेली माती, उष्णतेने तडकलेल्या कुऱ्हाडी, आणि पायराइटचे दोन तुकडे. त्या परिसरात हे खनिज सहजी मिळत नाही, म्हणजे ते मुद्दाम आणलेले. आग पेटवणारे ते लोक आरंभीचे निअँडरथल असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. मग थंडीच्या थरांत आगट्या कमी का, हा प्रश्न राहतोच. सर्वांना, सर्व काळी, ही विद्या येत होती असेही नसेल. विद्या विसरलीही जाते.

शेवटी पुन्हा एल साल्तकडे जाऊ. या सगळ्या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तिथे घडली. तिथल्या बावन्न हजार वर्षांपूर्वीच्या एकाच थरात सहा आगट्या सापडल्या. जवळजवळ, एकाच पातळीवर. पाहणारा सहज म्हणेल, की इथे मोठा जमाव उतरला होता, एका रात्री सहा जाळ पेटले होते. तशी गोष्ट रंगवताही आली असती. पण आंखेला एरेखोन-लागुनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाई केली नाही. मातीत लोहाचे सूक्ष्म कण असतात. जाळाने माती तापून थंड होते तेव्हा हे कण होकायंत्राच्या सुईसारखे त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून थिजतात. ही उत्तर दिशा काळानुसार हळूहळू सरकत असते. सहाही आगट्यांतल्या कणांची दिशा वेगवेगळी निघाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिल्या आणि शेवटच्या आगटीत कमीत कमी दोनशे ते दोनशे चाळीस वर्षांचे अंतर आहे. मधली अंतरेही दशकांची आहेत.

म्हणजे तो सहा चुलींचा गाव नव्हता. एक कुटुंब, फार तर एक छोटी टोळी आली, राहिली, गेली. धनगरांचा वाडा उठून गेल्यावर माळावर राख आणि काळवंडलेले दगड राहतात, तेवढेच मागे उरले. मग बरीच वर्षे कोणी नाही. मग त्यांची नातवंडे, किंवा कोणी परकेच, त्याच कड्याखाली आले आणि आधीच्या राखेपासून काही हातांवर त्यांनी पुन्हा जाळ केला. खोदताना एका थरात जे दिसते ते एका काळातले असते, हा अभ्यासकांचा फार सोयीचा समज या सहा आगट्यांनी मोडला.

२०१० मध्ये निअँडरथलांचा जनुकीय आराखडा स्वान्ते पेबो यांच्या गटाने प्रथम मांडला. तेव्हापासून आपण जाणतो, की आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्याही रक्तात त्यांचा सुमारे दोन टक्के वाटा आहे. पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. नाते कळल्यावर पुष्कळांना निअँडरथल एकाएकी शहाणे वाटू लागले. मला यात थोडी गंमत वाटते आणि थोडी भीतीही. एखाद्याला माणूस म्हणण्याआधी तो आपला नातलग निघावा लागतो की काय? शानिदारच्या आगटीपाशी कडधान्य भिजत घालणाऱ्या हातांना आपल्या दाखल्याची गरज नव्हती. ते दाणे आपले रक्त तपासण्याआधीही भिजलेलेच होते. फक्त कोणी खाली बसून राख चाळली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)